काकांची पेटी: १४३ चांदीचे डॉलर आणि त्यांचे तीन भाव

पार्श्वभूमी

न्यू जर्सीतले आमच्या ओळखीचे एक काका डिसेंबर २०२० मध्ये गेले. साठच्या दशकाच्या शेवटी शिकायला म्हणून आले, इथेच नोकरी केली, इथेच निवृत्त झाले. मार्चमध्ये काकूंनी तळघर आवरायला काढलं. हत्यारांच्या लोखंडी पेटीत वरच्या कप्प्यात पाने आणि स्क्रू ड्रायव्हर होते, आणि खालच्या कप्प्यात चांदीचे डॉलर. मोजले तर १४३ भरले.

मी जुनी नाणी जमवतो हे महाराष्ट्र मंडळातल्या पुष्कळांना ठाऊक आहे, त्यामुळे फोन माझ्याकडे आला. मी हौशी माणूस, दुकानदार नाही. या व्यवहारात मी एक पैसाही घेतला नाही, पण सल्ला भरपूर दिला, आणि त्यातला सगळाच बरोबर ठरला नाही. कुटुंबाची ओळख लागू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. काकूंना वाचून दाखवल्यावरच हे लिहितो आहे.

घरात तीन मतं होती. कॅलिफोर्नियातल्या थोरल्याला सगळं एकदाच विकून मोकळं व्हायचं होतं. पुण्यातली धाकटी म्हणत होती, बाबांची आठवण आहे, निम्मी मी घेऊन जाते. काकूंना फक्त एवढंच हवं होतं की कुणी फसवू नये आणि भावंडांत वाकडं येऊ नये.

पेटीत काय होतं

एका शनिवारी जेवणाच्या टेबलावर चादर पसरून आम्ही ढीग लावले.

'पीस' छापाचे डॉलर ५२. हे १९२१ ते १९२८ आणि पुन्हा १९३४-३५ मध्ये पाडलेले. काकांकडचे बहुतेक १९२२ आणि १९२३ चे, हाताळून झिजलेले. १९२१ सालचे 'मॉर्गन' या जुन्या छापाचे डॉलर ३१. त्याआधीचे, म्हणजे १८७८ ते १९०४ मधले मॉर्गन ५७. आणि काळ्या डब्यांत, कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद असे कार्सन सिटी टांकसाळीचे ३.

त्या ५७ पैकी २२ नाणी बघताक्षणी माझ्या पोटात खड्डा पडला. लखलखत होती, पण ती लख्खाई चुकीची होती. न वापरलेल्या मॉर्गनवर उजेड फिरवला की झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. इथे ती फिरत नव्हती. भिंगाखाली केसाएवढ्या बारीक ओरखड्यांचं जाळं दिसलं.

काकू म्हणाल्या, "अरे, ती लक्ष्मीपूजनाची. दर वर्षी मीच काढून घासायचे. आधी दंतमंजनाने, मग पितांबरी मिळायला लागल्यावर पितांबरीने."

आपल्याकडे पूजेत काळवंडलेली चांदी ठेवतात का? कुणीही हेच केलं असतं. पण संग्राहकाच्या लेखी घासलेलं नाणं म्हणजे पृष्ठभाग गेलेलं नाणं, आणि गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. मी त्या क्षणी काही बोललो नाही. बोललो असतो तर दुपार तिथेच संपली असती.

उरलेल्या ३५ मध्ये २० झिजलेली होती, १४ चांगली न वापरलेली होती, आणि एक जुन्या पाकिटात वेगळं ठेवलेलं. पाकिटावर काकांच्या अक्षरात '१८९३ एस' आणि खाली '४०० डॉ.' एवढंच लिहिलेलं.

अडचण

मी पोचण्याच्या आधीच थोरल्याने फोनवर एका सराफाकडून भाव काढला होता. सराफाने सांगितलं, सरसकट १७ डॉलर. १४३ नाण्यांचे २,४३१. आजच आणा, आजच चेक.

हा भाव लुबाडणुकीचा होता असं म्हणता येणार नाही. चांदीच्या डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम, आपल्या हिशेबात सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. त्यात ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. निव्वळ चांदी ०.७७३४ ट्रॉय औंस (सोनं-चांदी तोलायचा औंस). त्या आठवड्यात चांदी साडेपंचवीस डॉलर औंस धरली तर एका नाण्यात १९.७२ डॉलरची चांदी होती. मोड घेणारा माणूस घट आणि आपला नफा धरून १७ म्हणतो, हे त्याच्या धंद्याला धरूनच आहे.

खरी अडचण वेगळी होती. पेटी एक असली तरी आत तीन निरनिराळे माल होते, आणि प्रत्येकाचा बाजार वेगळा. पहिला मोडीचा भाव, जो चांदीच्या दराबरोबर वरखाली होतो. दुसरा पेठेचा भाव: साध्या, झिजलेल्या मॉर्गनलाही अमेरिकेत गिऱ्हाईक असतं आणि ते चांदीच्या वर काही डॉलर देतं. तिसरा हौसेचा भाव, जिथे साल, टांकसाळीचं चिन्ह (नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगणारं अक्षर) आणि दर्जा यांवर सगळं ठरतं. सराफ तिन्ही माल पहिल्या भावात मागत होता. आणि थोरला, इंटरनेटवर एका मॉर्गनची लाखोंची बोली वाचून, मनातल्या मनात तिन्ही माल तिसऱ्या भावात मोजत होता.

हे भाव आले कुठून

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण पुढचे निर्णय त्यावरच झाले. शिवाय त्यात आपलाही एक धागा आहे.

१८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी सरकारवर दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन नाणी पाडायचं बंधन आलं. खाणमालकांना ते हवं होतं, लोकांना एवढी जड नाणी खिशात नको होती. त्यामुळे कोट्यवधी मॉर्गन डॉलर पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिले.

मग पहिलं महायुद्ध. हिंदुस्थानात लोक नोटा घेऊन चांदीचे रुपये मागायला रांगा लावू लागले आणि सरकारी चांदी आटत चालली. ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरला. एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा झाला, २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या वाट्याला आली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. तुमच्या घरी आजीचा पंचम जॉर्जचा बंदा रुपया असेल आणि त्यावर १९१८ किंवा त्याच्या आसपासचं साल असेल, तर तो एके काळी मॉर्गन डॉलर असण्याची शक्यता चांगलीच आहे.

याचे दोन परिणाम अजून भावात दिसतात. एक, कुठल्या सालची किती नाणी वितळली याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून 'इतकी पाडली' या आकड्यावरून 'इतकी उरली' हे कळत नाही. दोन, वितळलेल्या डॉलरच्या जागी तेवढेच नवे पाडायचे असं कायद्यातच होतं. १९२१ मध्ये मॉर्गनचा साचा पुन्हा निघाला आणि त्याच वर्षाअखेर पीस डॉलर सुरू झाला तो यामुळे. काकांच्या पेटीतला निम्म्याहून मोठा ढीग, १९२१ चे मॉर्गन आणि सगळे पीस, एका अर्थी हिंदुस्थानातल्या त्या रांगांमुळे जन्माला आला होता. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

पुढचा मोठा धक्का १९६२ चा. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा १९०३ चा डॉलर तोवर दुर्मिळांतला दुर्मिळ समजला जायचा, हजार डॉलरच्या पुढे भाव. त्या वर्षाच्या शेवटी सरकारी तिजोरीतून त्याच्या सीलबंद पिशव्या बाहेर आल्या आणि काही महिन्यांत भाव दोन आकड्यांवर आला. जुने संग्राहक ही गोष्ट अजून दबक्या आवाजात सांगतात. मार्च १९६४ मध्ये सरकारने चांदीचे डॉलर देणं थांबवलं तेव्हा सुमारे ३० लाख शिल्लक होते, बहुतेक कार्सन सिटीचे. ते १९७२ ते १९८० या काळात टपालाने बोली मागवून विकले गेले. काकांचे तीन काळे डबे तिथले.

जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट या धनाढ्य भावांच्या साठेबाजीत चांदी ५० डॉलरच्या जवळ गेली आणि मार्चमध्ये कोसळली. त्या तेजीत साधे डॉलर पुन्हा भट्टीत गेले. १९८६-८७ पासून पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणं तपासून, १ ते ७० च्या मोजपट्टीवर दर्जा देऊन सीलबंद करू लागल्या. नाणं हातात न घेता विकत घेता येऊ लागलं, गुंतवणूकदार घुसले, आणि १९८९ मध्ये भाव शिखरावर जाऊन आपटले.

आणि २०२१. मॉर्गनकडून पीसकडे झालेल्या बदलाला शंभर वर्षं झाली म्हणून अमेरिकी टांकसाळ दोन्ही नाणी नव्याने पाडणार होती, किंमत ८५ डॉलर. घरात अडकलेल्या लोकांना नवी हौस लागली होती. जानेवारीच्या शेवटी समाजमाध्यमांवर चांदी घ्या म्हणून लाट उठली आणि दर एका दिवसापुरता ३० ला शिवून आला. थोडक्यात, आम्ही पेटी उघडली तेव्हा पेठेचा भाव मोडीच्या भावापासून नेहमीपेक्षा बराच वर गेला होता.

समोरचे पर्याय

सराफाला सगळं देणं. याची बाजू एकच, वेळ वाचतो.

सगळं ग्रेडिंगला, म्हणजे त्या संस्थांकडे दर्जा ठरवायला, पाठवणं. थोरल्याला हे पटलं होतं. पण तपासणी, टपाल आणि विमा धरून एका नाण्याला ४५ डॉलरच्या घरात खर्च येत होता. तिशीतल्या नाण्यावर ४५ घालायचे? शिवाय त्या वर्षी संस्थांकडे नाण्यांचा पूर आला होता आणि महिनोन् महिने थांबावं लागत होतं.

धाकटीने निम्मी पुण्याला नेणं. यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि ते बरंच झालं. भारताच्या सामान-नियमांत दागिने सोडून इतर रूपातली चांदी शुल्कमुक्त सवलतीत बसत नाही, म्हणजे विमानतळावर जाहीर करून शुल्क भरणं आलं. पण त्याहून मोठी मेख पुढे होती. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो आणि ते खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. म्हणजे १८८२ चा डॉलर पुण्यात गेला की तो पुण्याचाच. उद्या विकायचा झाला तर जगातला सर्वांत मोठा बाजार, म्हणजे अमेरिका, त्याला बंद. २०२१ मध्ये पीस डॉलर अजून शंभरीच्या आत होते. आता तेही एकेक करून ओलांडत आहेत. धाकटी फोनवर म्हणाली, "मग माझ्या वाटणीचे तिथेच आईकडे राहू देत." विषय संपला.

चौथा पर्याय ढीगवार विक्रीचा. तो निवडला, पण त्यातही प्रत्येक ढिगाला स्वतंत्र निर्णय लागला.

काय केलं

आधी कागद. अमेरिकेत वारशाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत सर्वसाधारणपणे मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते, काकांनी १९७३ मध्ये काय दिलं यावरून नव्हे. संग्राह्य वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्याला २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, त्यामुळे ही तारीख महत्त्वाची. प्रत्येक ढिगाची यादी, फोटो आणि डिसेंबरच्या भावाने अंदाज, असं करून काकूंच्या हिशेबनिसाला दिलं. हे काम कंटाळवाणं होतं आणि सगळ्यांत उपयोगी ठरलं.

मग झिजलेली नाणी. तपासायचं एकच होतं, साल आणि चिन्ह. मॉर्गनवर चिन्ह मागच्या बाजूला गरुडाच्या खाली, 'डॉलर' या शब्दाच्या वर असतं. थोरला तोवर विमानाने आला होता. त्याला काम दिलं: ५२ पीसची सालं वाच. चाळिसाव्या नाण्यापाशी तो थांबला. १९२८, चिन्ह नाही, म्हणजे फिलाडेल्फियाचं. फिलाडेल्फियात त्या वर्षी ३,६०,६४९ पीस डॉलर पाडले गेले, संपूर्ण मालिकेत सगळ्यांत कमी. याच सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावरचा 'एस' खरवडून असा माल बनवतात, म्हणून ती जागा भिंगाखाली दोनदा पाहिली. स्वच्छ होती. सराफाच्या हिशेबात हे १७ डॉलरचं नाणं होतं. थोरल्याचा आवाज त्या दिवसापासून बदलला. 'मोकळं होऊ' हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही.

उरलेल्या १०२ झिजलेल्या नाण्यांसाठी तीन दुकानदारांना विचारलं. एकाने २२ सांगितले, दुसऱ्याने २५, तिसऱ्याने २७. एका काउंटीच्या अंतरात एकाच नाण्यावर पाच डॉलरचा फरक! तिसऱ्याला मे महिन्यात ८० दिली आणि २२ ठेवली. ८०च का? खरं सांगायचं तर काकूंना छपराच्या दुरुस्तीला दोन हजारांच्या वर रक्कम हवी होती आणि ८० मध्ये ती भागत होती. यामागे कसलाही बाजाराचा अभ्यास नव्हता.

पाकिटातलं १८९३. सॅन फ्रान्सिस्कोत त्या वर्षी फक्त एक लाख डॉलर पाडले गेले, मॉर्गन मालिकेतला हा सर्वांत मानाचा तुकडा, झिजलेलाही हजारोंत जातो. म्हणूनच त्याची नक्कल सर्वांत जास्त. खऱ्या नाण्यांची पुढची बाजू एकाच साच्यातून निघाली आहे, आणि 'लिबर्टी' शब्दातल्या 'टी'च्या माथ्यावर त्या साच्याची एक बारीक तिरपी रेघ उमटलेली असते. काकांच्या नाण्यावर रेघ नव्हती. मागे 'एस'च्या बुडाशी मात्र जोडल्याची कड दिसत होती. फिलाडेल्फियाच्या साध्या १८९३ वर कुणीतरी 'एस' चिकटवला होता. जाणकार दुकानदाराला दाखवलं, त्याने अर्ध्या मिनिटात मान हलवली.

काकूंना सांगायचं की नाही? थोरला म्हणाला, कशाला, बाबा फसले हे आईला आता कळून काय होणार. मला ते पटलं नाही. उद्या ते पाकीट दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं तर त्याच्यावर काकांचंच अक्षर आहे. शेवटी सांगितलं. त्यांनी नाणं घेऊन सवयीने ओट्यावर वाजवलं, चांदी खणखणीत वाजली, आणि म्हणाल्या, "वाजतंय तर खरं." तेच तर. चांदी खरी होती, नाणंही खरं होतं, फक्त एक अक्षर खोटं. पाकिटावर मी पेनने 'चिन्ह जोडलेले, विकू नये' असं लिहिलं.

आता १४ चांगली नाणी. यातली काही जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत होती आणि कडेला हिरवट चिकट थर आला होता. त्या प्लास्टिकमधल्या रसायनाचा तो थर, आणि ठेवला तर नाणं खातो. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता, काढून वाळवलं. नाण्याला पाणी लावायचीही भीती घालणारा मी ॲसिटोन वापरतो म्हटल्यावर काकूंनी भुवया उंचावल्या. फरक एवढाच की ॲसिटोन वरची घाण विरघळवतं, चांदीला हात लावत नाही. पितांबरी चांदीच खरवडते.

दुकानदार या १४ ना सरसकट ५५ द्यायला तयार होता. आठ त्याला दिली. सहा, मला सर्वांत सुरेख वाटलेली, ग्रेडिंगला पाठवली. हा आग्रह माझा.

कार्सन सिटीच्या तीन डब्यांबाबत मी फक्त एक गोष्ट केली, थोरल्याचा हात धरला. त्याला प्लास्टिक फोडून नाणी बाहेर काढायची होती, 'नीट बघता येतील' म्हणून. त्या मूळ सीलबंद खोक्यालाच पैसे आहेत. ही सालं, १८८२, १८८३ आणि १८८४, तशी दुर्मिळ नाहीत. पाडलेल्यापैकी निम्म्याहून जास्त सरकारी साठ्यातच सापडली होती. पण खोका, डबा आणि सोबतचं कार्ड असं सगळं शाबूत असेल तर लोक त्यासाठी वर पैसे मोजतात. काकांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ३० डॉलरची बोली लावून घेतली होती. कार्डावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची छापील सही आणि अभिनंदन. काकू म्हणाल्या, "हे कार्ड आलं तेव्हा टीव्हीवर त्यांच्याच वॉटरगेट घोटाळ्याचं चालू होतं. आम्ही खूप हसलो होतो." तिसऱ्या डब्यातलं कार्ड मात्र हरवलेलं.

निष्पत्ती

८० झिजलेल्यांचे २,१६०. आठ चांगल्यांचे ४४०. १९२८ चा पीस २१० ला गेला.

सहा ग्रेडिंगची नाणी सप्टेंबरात परत आली: दोन एमएस-६५ (एमएस म्हणजे न वापरलेलं), दोन ६४, एक ६३, आणि एक 'साफ केलेलं' असा शेरा घेऊन, दर्जाविना. ते नाणं काकूंनी कधीच घासलं नव्हतं. काकांच्या हाती येण्याआधीच कुणीतरी द्रावणात बुडवलं असणार, आणि माझ्या नजरेतून ते निसटलं. नोव्हेंबरपर्यंत सहाही विकली, ६०२ डॉलर आले. त्यातून तपासणी आणि टपालाचे २७० वजा. उरले ३३२. तीच सहा नाणी मे महिन्यात दुकानदाराला दिली असती तर ३३० मिळाले असते. सहा महिन्यांची माझी हुशारी दोन डॉलरची.

एकूण हाती ३,१४२ डॉलर, ९५ नाण्यांचे. सराफ १४३ नाण्यांचे २,४३१ देत होता. घरात अजून ४८ नाणी होती: २२ झिजलेली, २२ घासलेली, ३ कार्सन सिटीची आणि एक खोट्या 'एस'चं. कार्सन सिटीचं एकेक दोन्ही मुलांच्या नावाने आणि बिनकार्डाचं काकूंनी स्वतःकडे, असं त्यांनीच ठरवलं.

पुन्हा करायचं झालं तर

ग्रेडिंगला सहा नाही, दोनच पाठवीन. ६३-६४ दर्जाच्या साध्या सालाच्या मॉर्गनला तपासणीचा खर्च भरून निघत नाही, हे मला आधी माहीत होतं. तरीही सहा पाठवली, कारण नाणी देखणी होती आणि मला त्यांच्यावर शिक्का हवा होता. ती माझी हौस होती आणि पैसे काकूंचे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ते स्वतःच्या खिशातून.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. मे २०२१ मध्ये मी काकूंना म्हणालो होतो की पेठेचा भाव मोडीच्या इतका वर फार दिवस राहत नाही, विकून टाका. ते अनुमान चूक नव्हतं. पण मी फक्त दोन भावांमधलं अंतर पाहिलं, खालची चांदीच वर जाईल याचा विचारच केला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने ५० डॉलर ओलांडले. दिवाळीच्या तोंडावर भारतातून आलेल्या मागणीचाही त्या टंचाईला हातभार होता. १९१८ ची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. ५० च्या दराने एका डॉलरमधली नुसती चांदी ३८.६७ ची. विकलेल्या ८० नाण्यांचे ३,०९४ झाले असते, म्हणजे ९३४ जास्त. छपराला पैसे लागणारच होते, त्यामुळे ८० पैकी बरीच तशीही गेली असती. पण ही शक्यता मी त्यांच्यापुढे मांडायला हवी होती, निर्णय त्यांनी घेतला असता.

आणि घासलेली २२? २०२१ मध्ये मी त्यांच्याकडे हळहळ करत पाहत होतो. तेजीत गंमत अशी होते की मोडीच्या भावाला घासलेलं आणि न घासलेलं सारखंच. साध्या सालच्या नाण्यांना पितांबरीचा जो बट्टा लागला होता, तो चांदी चढली तसा जवळजवळ पुसला गेला.

त्या दिवाळीत थोरल्याचा फोन आला, आता उरलेली २२ झिजलेली काढू या का. मी दुकानदाराला विचारलं. त्याने मोडीच्या भावापेक्षा कमी दर सांगितला. सगळेच जुनी चांदी घेऊन येत आहेत, शुद्धीकरण कारखान्यांत रांग आहे, माझा पैसा अडकतो, म्हणाला. भाव वर आणि घेणारा मागे. थोरला म्हणतो, तरी विका. धाकटी म्हणते, राहू देत. काकूंनी लक्ष्मीपूजनाला त्या वर्षी घासलेली आणि न घासलेली अशी सगळी ४४ पाटावर मांडली होती. घासायच्या आधी मला फोन करून विचारलं मात्र.